इकोचं मशीन

रघू भुवडचा आवाज खाडीच्या बाजूने आला की शिवा निवातेला जेवण गोड लागत नसे. हातातला घास हातात राहायचा. त्याची बायको हौसा हे ओळखून होती. ती मुकाट्याने उठून मागचं दार लोटून घ्यायची, पण आवाज काही दाराने अडत नाही. त्यातून रघूचा आवाज आता नुसता आवाज राहिला नव्हता. तो एक शब्द टाकायचा आणि तो शब्द दोनदा, तीनदा, विरत विरत परत यायचा, जसा काही समोरचा डोंगरच त्याच्या पाठी कोरस धरून उभा आहे.

शिवा हा सावर्ड्याकडच्या वाड्यांमधला जुना जाखडीवाला शाहीर. गणपतीच्या दिवसांत त्याचा नाच नाही असं गेल्या पंचवीस वर्षांत झालं नव्हतं. मधे ढोलकीवाला बसायचा, भोवती चाळ बांधलेले नाचे फेर धरायचे आणि शिवा कानावर हात ठेवून गणाला सुरुवात करायचा. रघू त्याच्याच हाताखाली वाढला. आधी झांज वाजवली, मग कोरसात आला, मग शिवाचा घसा बसला की एखादं पद सांभाळू लागला. पुढे मुंबईला कंपनीत लागला आणि तीन वर्षांपूर्वी एका गणपतीला सुट्टीवर आला तो स्वतःची नाचाची पार्टी घेऊनच. भांडण नाही, तंटा नाही. "नाना, तुमच्या आशीर्वादानं चालू करतंय," असं म्हणून पाया पडला. शिवाने तोंडभर आशीर्वाद दिला आणि त्या दिवसापासून आतल्या आत जळायला लागला.

गेल्या वर्षी रघूने मुंबईहून इकोचं मशीन आणलं. सावर्ड्यातल्या अलीची साऊंड सर्व्हिस होती. आजूबाजूच्या लग्नांना, उरसाला, गणपतीला त्याचेच कर्णे लागायचे. अलीने ते मशीन रघूच्या माईकला जोडून दिलं आणि एका हंगामात रघूचं नाव चिपळूणपासून संगमेश्वरपर्यंत गेलं. शिवाला आमंत्रणं येत होती, नाही असं नाही, पण देणारे आता हळूच विचारत, "शाहीर, तुमच्याकडे इको हाय का?"

"आवाज कुठला त्याचा? मशीन हाय तां," शिवा म्हणायचा. "माजा घसा आन् तां मशीन एकत्र येऊ दे, मग बगा."

हे वाक्य त्याने इतक्या वेळा उच्चारलं होतं की ते त्याला देवाच्या नेमासारखं झालं होतं. सकाळी म्हटलं की दिवस बरा जायचा. रघू मोठा नाही, रघूचं मशीन मोठं आहे. मशीन काय, कुणालाही मिळतं.

सरळ अलीकडे जाऊन विचारलं असतं तर काम झालं असतं. त्या भागात या यंत्रातलं कळणारा माणूस तोच. पण अली रघूचं काम करतो, म्हणजे अलीच्या कानावर गेलं ते रघूच्या कानावर गेलं, आणि मग रघू हसणार, की नानांना पण शेवटी मशीन लागलंच. त्या हसण्याच्या नुसत्या कल्पनेने शिवाच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. तेव्हा जो जाणता, त्याला विचारायचं नाही असं ठरलं, आणि पुढचं सगळं रामायण तिथून घडलं.

चिपळूणला बाजारात साकिबचं नेट कॅफे होतं. साकिब चांगला शिकलेला, लग्न झालेला माणूस. पोरांचे निकाल, गल्फच्या नोकऱ्यांचे अर्ज असली कामं तो करून द्यायचा. श्रावणात शिवा त्याच्याकडे गेला.

"नेटवर वस्तू मिळतात म्हणतात. मला इकोवाला मिक्सर पायजे. गाण्याचा. सैपाकाचा न्हवं."

साकिबने शोधून काढला. पडद्यावर काळं, चपटं, बटणांच्या रांगा असलेलं यंत्र आलं. शिवा खुर्चीतून पुढे वाकला. रघूकडे होतं त्याच्यापेक्षा एक रांग जास्तच होती. त्याच्या मनात गुदगुल्या झाल्या.

खाली लिहिलं होतं ते साकिबने वाचून दाखवलं. चार माईकची सोय, हलकं वजन, इको, एक वर्षाची हमी. विकणारा दिल्लीकडचा कुणी होता. काही शंका असल्यास विचारा, असं म्हणून एक चौकट दिली होती. शिवाने शंका विचारली, साकिबने टाईप केली: आवाज फिरून परत येतो का? दोन दिवसांनी उत्तर आलं की वस्तू उपलब्ध आहे. पुन्हा विचारलं. पुन्हा उत्तर आलं, वस्तू उपलब्ध आहे, त्वरा करा.

"ह्यांना कायतरी कळतंय का?" शिवा म्हणाला.

"फोन लावू या," साकिब म्हणाला.

फोनवर एक मुलगी होती. बोलणं एकदम गोड. शिवाने आपल्या हिंदीत विचारलं, "इको है क्या इसमें?"

"जी सर, इको है."

"पक्का?"

"पक्का सर. बटन दिया हुआ है."

"कम-जादा होता है?"

क्षणभर कागद चाळल्यासारखा आवाज आला. "सर, ऑटोमॅटिक है."

ऑटोमॅटिक म्हटल्यावर शिवा खूश झाला. रघूच्या मशीनचं बटण अलीला हाताने फिरवावं लागायचं. साकिबचं मात्र समाधान होईना. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "शाहीर, ती वाचून सांगत होती. तिला स्वतःला काय माहीत असेल असं वाटत नाही. तुम्ही एकदा अलीभाईंना दाखवा ना. सावर्ड्यातच आहेत."

"अलीचं नाव काढू नको," शिवा म्हणाला. "मागव."

मशीन यायला उशीर झाला. गणपती बसले, गौरी आल्या, तरी पत्ता नाही. दिल्लीवाल्यांना फोन केला की रोज नवा माणूस आणि रोज तेच उत्तर, निघालं आहे. गौरी-विसर्जनानंतर दोन दिवसांनी सावर्ड्याच्या मैदानावर कार्यक्रम ठरला होता. दोन पार्ट्या, एकच रंगमंच, पहिली बारी शिवा निवाते, दुसरी रघू भुवड. शिवाने आधीच बोलून ठेवलं होतं, "ह्या बारीला आमचं पण ऐका."

आदल्या दिवशी खोकं चिपळूणला आलं. शिवा स्वतः वडापच्या जीपमधून मांडीवर घेऊन आला. हौसाने दारातच खोक्याला हळद-कुंकू लावलं. कोरसवाले, ढोलकीवाला, सगळे पडवीत जमले. माईक आणि पार्टीचा जुना कर्णा जोडला. दिवा लागला. शिवाने खाकरून घसा साफ केला आणि गणाची पहिली ओळ म्हटली. आवाज मोठा आला, स्वच्छ आला, पण गेला तो गेला. परत काही आला नाही.

"बटन दाबा, बटन," ढोलकीवाला म्हणाला.

कोपऱ्यात एक हिरवं बटण होतं. त्याच्याशेजारी इंग्रजीत लिहिलं होतं. एका नाच्याने अक्षरं लावून वाचलं, "इको. हेच तां."

शिवाने गणपतीचं नाव घेऊन बटण दाबलं. मशीनचा दिवा विझला. पुन्हा दाबलं, दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला.  हौसा पदराला हात पुसत उंबऱ्यात उभी होती, ती आत गेली.

वाडीत मोबाईलला रेंज नव्हती. ती वरच्या सपाट सड्यावर, देवळाच्या मागच्या कातळावर मिळायची. शिवा तसाच चढून गेला. फोन लावला. या वेळी पुरुष होता.

"सर, आपका इको काम कर रहा है," तो म्हणाला. "बटन दबाने से मशीन सो जाती है. बिजली बचती है. इको फ्रेंडली, सर. पर्यावरण के लिए."

शिवाला आधी अर्थच लागला नाही. मग त्याने समजावून सांगायला घेतलं. कातळावर उभा राहून, मोकळा हात समोरच्या डोंगराकडे करून तो सांगू लागला, "अरे बाबा, पहाड में आवाज देते है, तो आवाज वापस आता है ना? वो. वो इको मंगता है मेरेको."

"सर, आपके यहाँ पहाड है?"

"है."

"तो फिर आ जाएगा, सर."

शिवाने डोळे मिटून घेतले. "तुम्हारे पास किसी को मालूम है क्या, ये मशीन काय के वास्ते है?"

"एक मिनट होल्ड कीजिए, मैं सीनियर से पूछता हूँ."

कानात बासरीची धून सुरू झाली. एक सूर यायचा आणि त्याच्या मागून तोच सूर विरत विरत दोन-तीनदा परत यायचा. शिवा निवाते सड्यावर उभा राहून ती ऐकत होता. दिल्लीवाल्याच्या फोनला इको होता. मग सीनियर आला आणि त्याने सांगितलं की वर्णनात लिहिलं होतं तीच वस्तू पाठवली आहे, त्यामुळे परत घेता येणार नाही.

शेवटी साकिबला फोन केला. साकिबने तिकडे पान उघडून बघितलं. "शाहीर, माझं पण चुकलं. तुमच्या इकोला मधे एक एच असतो. हा बिनएचचा आहे. मी नीट बघितलं नाही." शिवाने फोन बंद केला. खाली उतरताना त्याच्या डोक्यात दिल्लीवाला नव्हता, साकिब नव्हता. उद्या मैदानावर रघूचा आवाज परत परत येणार आणि आपला एकदाच जाणार, एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम उन्हं कलायच्या आत सुरू करायचा होता. मैदानावर माणूस मावत नव्हता. मुंबईचे चाकरमानी अजून गावातच होते. अली कर्ण्यांच्या वायरी ओढत होता. शिवाला बघून तो जवळ आला.

"सलाम शाहीर. रघूभाऊ बोलले, नानांच्या बारीला पण आपलं इको लाव. लावू का?"

हे ऐकून दुसरा कुणी विरघळला असता. शिवाला ते चाबकासारखं लागलं. हा आता मला भीक घालणार. माझ्याच हाताखाली झांज वाजवणारा.

"नको. आमाला कुबड्या लागत नायत," तो म्हणाला. त्याने घरचं मशीन आणलंच नव्हतं.

तो गायला. बरा गायला. म्हातारी माणसं माना डोलवत होती, पण मधल्या तरुण पोरांची आपसांत कुजबुज चालली होती आणि दोन-तीन जण उठून वडापावाच्या गाडीकडे गेले, हे शिवाने गाता गाता पाहिलं. बारी संपली. टाळ्या झाल्या. कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाने दोन्ही पार्ट्यांना चहाला बोलावलं. अलीने साध्या माईकची वायर काढून रघूचं मशीन जोडलं आणि जनरेटर बघायला मैदानाच्या टोकाला गेला.

रंगमंचाच्या मागे, ताडपत्रीच्या आडोशाला मशीन एकटं होतं. शिवा पाणी प्यायला म्हणून तिकडे गेला होता. पाणी राहिलं बाजूला. तो मशीनपाशी वाकला. गोल बटणं होती, त्यांतल्या एकाखाली इंग्रजी अक्षरं. त्याने एकेक लावली. यात एच होता. म्हणजे हेच. वर्षभर याच बटणाने त्याची झोप खाल्ली होती. बटणाची खूण मधोमध होती. अलीने कुठे ठेवायचं ते नेमकं ठरवून ठेवलेलं असणार.

शिवाने इकडेतिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित हात मागे आला असता. त्याने बटण उजवीकडे टोकापर्यंत फिरवलं, शेजारचंही फिरवलं आणि चहाला जाऊन बसला. कप हातात घेऊन त्याने चहावर फुंकर मारली.

रघूने गण सुरू केला. "गणाधीशा" एवढाच शब्द तोंडातून निघाला आणि तो मैदानभर फुटला. धीशा धीशा धीशा असा त्याचा नुसता गलका झाला. त्यावर दुसरा शब्द पडला, त्यावर तिसरा. ढोलकीची थाप आणि शब्द यांची खिचडी झाली. पुढे बसलेली पोरं आधी चकित झाली, मग हसायला लागली. कुणी शिट्टी मारली. शिवाने चहाचा घोट घेतला, तो त्याला गोड लागला. वर्षभरात पहिल्यांदा.

रघू थांबला. भर माईकवर अलीवर ओरडला, "अली, काय लावलंस हे? मशीनला हात लावायची अक्कल नाय तर धंदा कशाला करतोस?" ते शब्दसुद्धा चारदा मैदानावर फिरले. अली धावत आला. सगळ्या गावासमोर, मान खाली घालून तो मशीनपाशी बसला. उरसात, लग्नात ज्यांनी त्याला कामं दिली होती तीच माणसं समोर बसून हसत होती. बटण कुठे गेलंय ते त्याने बघितलं असणार, कारण एकदा त्याने मान वर करून भोवती नजर फिरवली. मग पुन्हा मशीनवर वाकला.

"काढून टाक तां," रघू म्हणाला. "साधा माईक दे."

अलीने मशीन सोडवलं आणि साधी वायर जोडली. मघाशी शिवा ज्यावर गायला होता, तोच माईक, तेच कर्णे.

शिवा चहाच्या बाकावर आरामात रेलून बसला. आता कळेल, त्याला वाटलं. आता सगळ्यांना कळेल.

रघूने पुन्हा गण उचलला. पहिली ओळ त्याने खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी म्हटली. हसणं थांबलं. दुसऱ्या ओळीत आवाज वर चढला. शिवाने वाट पाहिली की आता मोडेल, कारण ही जागा त्याला स्वतःला ठाऊक होती. इथे श्वास घ्यावाच लागतो, त्याने रघूला तसंच शिकवलं होतं. रघूने श्वास घेतला नाही. तो तसाच पुढे गेला, शब्द एक अंगुळभर लांबवून, आणि जिथे शिवाचा सूर नेहमी पडायचा तिथे त्याने आवाज हलकेच ठेवला, घरट्यात अंडं ठेवावं तसा. मैदानात कुणी हललं नाही. वडापावाच्या गाडीकडे गेलेले परत येऊन उभे राहिले.

शिवा सरळ बसला. ही जागा त्याने पंचवीस वर्षं शोधली होती. पहाटे नदीवर जाऊन घसा ताणला होता, आणि ती त्याला कधी सापडली नव्हती. हे मशीन नव्हतं. मशीन तर ताडपत्रीखाली मेलेलं पडलं होतं. इतके दिवस त्याचा सगळा जळफळाट त्या काळ्या डब्यावर जाऊन टेकत होता. आता तो डबाच बाजूला झाला आणि जळफळाटाला टेकायला उघडंनागडं खरं तेवढं उरलं. रघू त्याच्यापेक्षा चांगला गात होता. मशीन येण्याआधीही गात असणार. त्या मशीनने रघूला मोठं केलं नव्हतं, उलट ती जागा आपल्या घुमाऱ्याखाली झाकून टाकली होती. शिवाला बरं वाटत होतं ते त्या झाकणामुळे.

बारी संपली तेव्हा टाळ्या थांबेनात. रघू घामाघूम होऊन रंगमंचावरून उतरला आणि रिवाजाप्रमाणे आधी शिवाकडे आला. पायाशी वाकला. शिवाने पाय मागे घेतले.

"तां बटन मी फिरवलं," तो म्हणाला.

रघू वाकलेलाच राहिला. मग हळूहळू सरळ झाला. त्याच्या तोंडावर राग यायला हवा होता, तो आला नाही. नुसतं न समजल्यासारखं तोंड झालं.

"तुमी? कशाला, नाना?"

शिवाने मैदानाकडे तोंड फिरवलं. 

"मी तुमाला लावून देत व्हतो," रघू म्हणाला. "सकाळी अलीला सांगितलं व्हतं." मग त्याला काहीतरी आठवलं आणि त्याचा चेहरा पडला. "मी अलीला सगळ्यांसमोर बोललो."

"होय."

"चला मग."

रघू पुढे आणि शिवा मागे असे ते ताडपत्रीपाशी गेले. अली वायरी गुंडाळत होता. हाताच्या कोपराभोवती वायरीचे वेढे घेत तो दोघांकडे बघत राहिला. शिवाने बोलायला तोंड उघडलं. हजार माणसांसमोर गाणारा शाहीर, पण आता तो वायरीच्या वेढ्यांकडे बघून बोलला. बटण आपण फिरवल्याचं त्याने सांगितलं. रघूने अलीची माफी मागितली, तीही मोठ्याने, मंडळाच्या लोकांना ऐकू जाईल अशी. शिवाचं नाव त्याने घेतलं नाही. "अलीचं काय चुकलं नाय, चूक आमच्याकडनं झाली," एवढंच तो म्हणाला. त्या 'आमच्या'त त्याने शिवाला धरलं होतं, पण शिवाकडे एकदाही न बघता, आणि पुन्हा वाकायलाही तो आला नाही. आपल्या पार्टीच्या टेंपोत जाऊन बसला.

अलीने शेवटचा वेढा घातला. "मला बटण बघूनच समजलं होतं, कुणीतरी फिरवलंय," तो म्हणाला. "तुमच्यावर संशय नाही आला, शाहीर. तुम्हाला मशीनमधलं कळत नाही असं वाटलं होतं."

"नायच कळत. दिल्लीवरनं मागवलेलं एक घरात पडलंय. त्यांना पण नाय कळत."

त्यावर अली हसला नाही. "मला विचारलं असतं तर?"

"तुला विचारायचं नव्हतं म्हणून तर त्यांना विचारलं."

अलीने मान हलवली, वायरींचं भेंडोळं गाडीत टाकलं आणि कर्णे उतरवायला गेला.

शिवा घरी पोचला तेव्हा हौसा चुलीपाशी होती. ती कार्यक्रमाला आली नव्हती, तिच्या गुडघ्यांनी तिला आता तेवढं चालवत नसे. तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"कोण चांगला गायला?" तिने विचारलं. दर वर्षी ती हेच विचारायची आणि दर वर्षी त्याचं उत्तर ठरलेलं असायचं.

"रघू," शिवा म्हणाला.

हौसाने त्याच्याकडे बघितलं. तो पाणी प्यायला नाही. तांब्या हातात धरून बसून राहिला. मग त्याने गणाची ती ओळ हळूच गुणगुणून बघितली, श्वास न घेता. त्याच जागी सूर पुन्हा पडला. त्याच्या छातीत तीच जुनी आग पेटली, जराही कमी झालेली नव्हती. फक्त आता ती मशीनच्या नावाची नाही, रघूच्या गळ्याच्या नावाची आहे, हे त्याला चांगलं माहीत होतं.

"जेवायला वाढू?" हौसाने विचारलं.

"वाढ," तो म्हणाला.